पीच जॅमचा नेम

"यंदा ऑर्विल कोंबडा होणार!" रविवारच्या जेवणाला बसल्या बसल्या डॉक्टर वर्लिन स्टबलफील्डने जाहीर केलं आणि तळलेल्या माशाचा मोठ्ठा तुकडा तोंडात टाकला.

समोर ऑर्विल, म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ, शांतपणे लिंबू पिळत होता.

"दाजी, गेल्या वर्षीही तुम्ही हेच म्हणाला होतात. तेव्हाही मासाच होता."

मेव्हण्या-दाजींची ही पैज ओक्लाहोमातल्या त्या एवढ्याशा गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. गावच्या नेमबाजी क्लबच्या पिस्तूल स्पर्धेत दोघांपैकी जो हरेल त्याने जत्रेच्या मिरवणुकीत कोंबडा होऊन चालायचं. कोंबड्याचा पोशाख ऑर्विलच्या फ्राइड चिकनच्या दुकानातला. पिवळी पिसं, लाल तुरा, हातभर चोच! वर्लिन हा गावातला एकुलता एक दातांचा डॉक्टर, आणि तो पोशाख दोनदा त्याच्याच अंगावर चढला होता. आता तिसऱ्यांदा चढला तर खुर्चीत बसलेला पेशंट 'आ' करायला सांगितल्यावर 'कुकुचकू' करणार, अशी त्याला धास्तीच बसली होती.

पण यंदा त्याच्याकडे रेड डॉट होता! पिस्तुलाच्या पाठीवर बसवायची खोडरबराएवढी काच. मागून बघितलं की तिच्यात लाल ठिपका दिसतो, आणि ठिपका असेल तिथे गोळी लागते. साध्या पिस्तुलासारखी मागची खाच आणि पुढचा खुंट जुळवत बसायची कटकटच नाही! या विषयावर वर्लिनने गावातल्या प्रत्येक पेशंटला व्याख्यान दिलं. पेशंटच्या तोंडात कापूस असल्यामुळे कुणी वाद घातला नाही.

अडचण एकच होती. ठिपका सापडत नव्हता! रिकामं पिस्तूल घेऊन तो बैठकीच्या खोलीत उभा राहायचा, झटकन हात वर करायचा आणि काच कोरी. मग मनगट वर, मनगट खाली, मान डावीकडे, मान उजवीकडे.

"दिवा गेला असेल त्याचा," नेडीन, त्याची बायको, म्हणाली.

"दिवा चालू आहे गं! मनगट जरा हललं की ठिपका पळतो."

"छान! कोंबड्यासारखी मान हलवायची सवय तरी राहील."

स्पर्धेच्या सकाळी नेडीन स्वयंपाकघराच्या टेबलावर पीच जॅमच्या बरण्यांना लेबलं लावत होती. मैदानावर तिचा स्टॉल असायचा. त्याच पसाऱ्यात वर्लिनचं पिस्तूल पडलं होतं. त्याने ते घाईघाईत पेटीत टाकलं आणि दोघं निघाले.

शिट्टी वाजली! समोर लोखंडी थाळ्यांची रांग. वर्लिनचे डोळे भीतीने टक्क उघडे. हात वर केला आणि काय सांगावं! ठिपका हजर! काच जरा काळवंडलेली वाटली, पण ठिपका लालबुंद, थेट थाळीवर. टण्ण! टण्ण! टण्ण! थाळ्या पटापट आडव्या! दुसऱ्या फेरीत तेच! शेवटच्या फेरीपूर्वी डॉक्टरसाहेब मेव्हण्याच्या कितीतरी पुढे होते.

"बघितलंस? विज्ञान आहे हे, विज्ञान!" वर्लिन कमरेच्या म्यानावर थाप मारत म्हणाला. "पोशाख धुऊन ठेव बाबा, तुझ्या मापाचा करून घे!"

ऑर्विलचा चेहरा उतरला. तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकला आणि तसाच वाकून राहिला. म्यानातल्या पिस्तुलाची नळी जमिनीकडे असते, त्यामुळे त्या काचेची पुढची बाजूही जमिनीकडे. आणि मैदानावर पिस्तुलासमोर कोण मरायला उभं राहणार? म्हणूनच ती बाजू सकाळपासून कुणीच पाहिली नव्हती.

"दाजी," ऑर्विल खालूनच म्हणाला, "तुमच्या विज्ञानावर 'नेडीनचा घरगुती पीच जॅम' असं लिहिलंय."

"अगं बाई!" नेडीन स्टॉलवरून ओरडली. "एका बरणीला लेबल कमी पडलं ते हे होय!"

सगळा क्लब गोळा झाला. पंच लुएलाबाई गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्या आणि मनसोक्त हसल्या.

"अरे डॉक्टर, काच झाकली ते बरंच झालं! दोन्ही डोळे उघडे असले की एकाला ठिपका दिसतो, दुसऱ्याला थाळी. डोक्यात दोन्ही आपोआप एक होतात. इतके दिवस तू ठिपका शोधत होतास. आज नाइलाजाने थाळीकडे बघितलंस! लेबल राहू दे, नियमात बसतं."

"हो, राहू दे!" नेडीन म्हणाली.

"मीपण तेच म्हणतो," ऑर्विल म्हणाला. त्याचा चेहरा पुन्हा टवटवीत झाला होता. "फक्त लेबलाचा विचार करू नका हं, दाजी!"

झालं! शिट्टी वाजली, वर्लिनने हात वर केला आणि त्याच्या डोक्यात फक्त लेबल. नक्की काय दिसतंय म्हणून त्याने डावा डोळा मिटला. थाळी गायब, मैदान गायब, अख्खं ओक्लाहोमा गायब! अंधारात एकटा ठिपका. धाड! मातीत. धाड! पुन्हा मातीत. एकही थाळी हलली नाही. ऑर्विलने आपल्या जुन्या खाच-खुंटाच्या पिस्तुलाने सावकाश सगळ्या थाळ्या पाडल्या आणि पैजही जिंकली.

शनिवारी मिरवणूक निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अख्खं गाव तोंड उघडून हसत होतं, आणि चोचीच्या फटीतून वर्लिनला त्यातली प्रत्येक दाढ ओळखू येत होती. निम्म्या त्यानेच भरलेल्या! मागून नेडीन हातगाडी ढकलत होती. जॅम कधीच संपला होता. क्लबातल्या लोकांनी बरण्यांवर उड्या टाकल्या होत्या, आणि जॅम कसा लागतो ते एकानेही विचारलं नव्हतं.

"ओ कोंबडेसाहेब!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "नेमाला कुठला जॅम चांगला? पीच की स्ट्रॉबेरी?"

कोंबडा थांबला. इतके दिवस लोकांच्या तोंडात कापूस कोंबून त्यांना शिकवलं, आज पहिल्यांदाच कुणीतरी आपणहून विचारत होतं!

"पीच," चोचीतून आवाज आला. "पण दोन्ही डोळे उघडे ठेवा."