रुमालाखालचा भाव

धामणगावच्या बैलबाजारात पुंजाजी दलालांचा हात रुमालाखाली गेला, की समोरच्याचा भाव उतरलाच म्हणून समजा! रुमालाखाली बोटं दाबायची. जितकी बोटं तितके शेकडे. शेजारी उभ्या बैलाच्या मालकालासुद्धा पत्ता लागत नसे.

यंदा मात्र सौदा डोळ्यांचा होता. त्यांच्या बायकोच्या, मैनाबाईंच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. नातू झाला, पण त्याचं नाक कोणावर गेलं तेही त्यांना दिसेना. अमरावतीच्या दवाखान्यात ऑपरेशन होई, पण लागतात किती? कोणी म्हणे शंभर, कोणी म्हणे हजार! ते ऐकून पुंजाजींची झोपच उडाली.

"डोयाचा भाव कोनालेच ठाऊक नाई म्हंजे काय? मी काढतो डाक्टरच्या पोटातून!"

मैनाबाईंना बाहेर बाकावर बसवून पुंजाजी आत शिरले. डॉक्टर पुण्याहून नवेच आलेले. पुंजाजींनी टेबलावर हात ठेवला, वर रुमाल टाकला आणि डोळा मारला. म्हातारा लाजत असेल, असं डॉक्टरांना वाटलं. त्यांनी रुमालाखाली हात घालून नाडी धरली. तीन बोटांनी!

'तीनशे? लूट आहे!' पुंजाजींनी डॉक्टरांचं एक बोट दाबलं. डॉक्टर चपापले. पुंजाजींनी मोठ्या मनानं दोन दाबली आणि पुन्हा डोळा मारला.

"हे कधीपासून होतंय तुम्हाला?"

"लहानपनापासून. बापानं शिकवलं."

"म्हणजे वडिलांनाही होतं?"

"साऱ्या खानदानाले!"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "आ करा पाहू."

"बैलावानी दात कायले पायता? मी काई इकाले नाई आलो!"

आता डॉक्टरांनी दुसऱ्या हाताची नाडीही धरली. तिथंही तीन बोटं! पुंजाजींनी मनात हिशेब मांडला. एका डोळ्याचे तीनशे, तर दोन्हींचे सहाशे! एवढ्यात तर खिल्लारी बैलजोडी येईल! घाबरून त्यांनी हाताला येईल ते बोट दाबायला सुरुवात केली.

"झटका आला! धरा, धरा!" डॉक्टर ओरडले. कंपाउंडर धावला, दोन वॉर्डबॉय धावले. पुंजाजींना खाटेवर आडवं केलं आणि दंडात सुई खुपसली. त्यांनी ठोकलेली बोंब थेट इर्विन चौकात ऐकू गेली असेल!

ती ऐकून मैनाबाई भिंत चाचपत आत आल्या. "अवो, कायले बोंबलून राहिले? झालं का इचारून?" पुंजाजी नुसते कण्हले. तेव्हा त्या पांढऱ्या कोटाच्या अंदाजानं वळून म्हणाल्या, "डाक्टरसाहेब, माह्या डोयाले किती लागतीन?"

"दोन्ही मिळून सव्वाशे रुपये. चष्मा त्यातच."

"मंग करून टाका."

पुंजाजींनी खाटेवरून मान वर केली. नुसतं विचारलं की सांगतात? त्यांना हायसं वाटलं आणि लाजही वाटली. मग सुईची आठवण होऊन त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "अन् डाक्टरसाहेब... माह्ये किती?"

"तुमचं आत्ताच कसं सांगणार?" डॉक्टर काळजीनं म्हणाले. "आधी आजार तर सापडू द्या!"