गादी कंपनीचे कौटुंबिक संबंध

"आत्या, तू आमच्याकडे का येत नाहीस?"

हा प्रश्न तिनं इंटरनेटवर टाकलेल्या घरच्या जुन्या फोटोखाली, साऱ्या जगाच्या देखत लिहिला, तो मैत्रिणींनी पैज लावली म्हणून. घरात तो विचारायची सोय नव्हती. आत्या मागच्याच गल्लीत राहायची, पण वडिलांचा आणि तिचा वर्षभर अबोला होता. आणि त्या विषयावर चकार शब्द काढायचा नाही, याबाबत दोघांचं संपूर्ण एकमत होतं. तिला मात्र आत्या हवी होती. आपल्या फालतू विनोदांना पोट धरून हसणारं खानदानात तेवढं एकच माणूस होतं.

नातेवाइकांनी तत्परतेनं अंगठे दिले. उत्तर दिलं ते एका गादी कंपनीनं: "पाहुणे टिकत नाहीत? आमच्या गादीवर एकदा पाठ टेकवून बघा!"

मैत्रिणी हसून लोळल्या. ती प्रश्न पुसायला निघाली, तर आई आडवी आली. कुणी आपुलकीनं चौकशी केली की उत्तर द्यावं, अशी आईची शिस्त. तिनं कळवलं, आभारी आहोत, आमच्या गाद्या उत्तम आहेत.

हे काही आत्याला पचलं नाही. तिनं कंपनीच्या निदर्शनास आणून दिलं की सदर गाद्या दगडाच्या तोंडात मारतील अशा असून, गेल्या दिवाळीला हौसेनं मुक्काम केला नि कंबर धरली तेव्हा सख्ख्या भावानं "नाटकं पुरेत" म्हणून तिची बोळवण केली होती. वडिलांनी चष्मा चढवला आणि कंपनीमार्फत खुलासा केला: कंबर मुळातच तशी होती. कंपनीनं उभय पक्षांच्या भावनांची नोंद घेऊन दोघांनाही सवलत जाहीर केली.

मग भावंडांना कंठ फुटला. गुडघे, पित्त, लहानपणी सायकल कुणी मोडली, सगळं कंपनीच्या कानावर घालून झालं. वडील एकदा गहिवरलेसुद्धा. कंपनीनं लाल हृदय पाठवलं. मधेच तिनं पुन्हा लिहिलं, "आत्या, येतेस ना?" त्यालाही अंगठे आले. एक आत्याचा होता.

रात्री जेवताना आईवडील मान खाली घालून कंपनीशी बोलत होते.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "शाळा संपली की त्या गादी कंपनीत लागणार. उत्तरं द्यायच्या खात्यात."

"का गं?" आईनं मान वर न करता विचारलं.

"म्हणजे तुम्ही सगळे माझ्याशी बोलाल."