खांबेटे पाणी बघतात

आमच्या वारज्याच्या सोसायटीत खांबेटे कुणाच्याही घरी गेले, की आधी पाण्याचा पेला उजेडाला धरतात. एक डोळा मिटतात, पेला गोल फिरवतात, वास घेतात आणि म्हणतात, "दिसतंय स्वच्छ. असेलच असं नाही." मग पितात.

माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा हे गृहस्थ सहज डोकावले. मुलाला नखशिखांत न्याहाळून तेच वाक्य बोलले. स्थळ गेलं. पुढे त्या मुलाचे प्रताप आमच्या कानावर आले, पण तोवर मी महिनाभर खांबेट्यांशी बोलणं टाकलं होतं.

त्यांची सगळी नोकरी सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासण्यात गेली. पत्नी वारल्यावर एकटेच राहतात. निवृत्तीनंतर नमुने यायचे थांबले, म्हणून हा माणूस आता नमुन्यांकडे जातो, असं आम्ही त्यांच्या माघारी म्हणायचो.

दर गुरुवारी सकाळी खांद्याला पिशवी लावून ते कुठेतरी जायचे आणि संध्याकाळी गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन यायचे. लिफ्टभर मातीचे ठसे. मी सोसायटीचा सेक्रेटरी. फळ्यावर लिहिलं, 'शेतावरून येणाऱ्यांनी पाय पुसून यावे अथवा जीना चढावा.' सगळे खूप हसले. खांबेट्यांनी फळा वाचला, बोटाने पुसून माझा दीर्घ 'जी' ऱ्हस्व केला आणि जिना चढू लागले. चार मजले. एक गुडघा दुखरा.

ते जातात कुठे, हे मी कधीच विचारलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात ते स्वतःच दारात आले. "अहो सेक्रेटरी, रविवारी गाडी काढता का? गुडघा संपावर गेलाय, आणि मला पोचायलाच हवं."

दोन तासांनी एका उघड्या माळावर धनगरांची वस्ती लागली. पाच-सहा घरं, बाभळी, वाघरांच्या जाळीत कोंडलेल्या मेंढ्या. आणि एक विहीर. इतकी वर्षं तिच्या पायऱ्या उतरून माणसं आणि मेंढरं एकाच पाण्याला तोंड लावत होती. खांबेट्यांनी वस्तीच्या लोकांबरोबर दोन उन्हाळे तिचा गाळ उपसला होता. आता कठडा होता, वर जाळी होती, मेंढ्यांना प्यायला बाजूला वेगळी डोण होती. पाणी पिण्यास योग्य असल्याचा कागद आदल्याच दिवशी हातात आला होता. आज पहिलं पाणी काढायचं होतं.

सगळे त्यांना 'आबा' म्हणत होते. मी फोटो काढत होतो. सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला.

हौसाबाई नावाच्या बाईंनी पहिला तांब्या भरला आणि तो माझ्यापुढे धरला. "आदी पाव्हण्यांनी घ्यावं. लांबनं आलाय."

माझा हात आपोआप पिशवीतल्या बाटलीकडे गेला. "माझं आहे पाणी," मी म्हणालो.

तांब्या तसाच हवेत राहिला.

"आता चांगलं हाय वो ते," हौसाबाई हळूच म्हणाल्या. चूक जणू त्यांचीच होती.

खांबेट्यांनी पुढे होऊन तो तांब्या घेतला. उजेडाला धरला नाही, वास घेतला नाही. एका दमात प्यायले.

परतताना गाडीत आता एखादा खास पुणेरी टोमणा येणार, म्हणून मी वाट बघत होतो. आला असता तर बरं झालं असतं.

"मीही प्यायलो नव्हतो," ते म्हणाले.

"कधी?"

"नोकरीत असताना. या विहिरीचा अहवाल द्यायला आलो होतो. पिण्यास अयोग्य. तसं त्यांना वाचून दाखवलं. ऊन होतं, तहान लागली. त्यांच्यासमोरच माझी बाटली काढली आणि प्यायलो. हौसाबाईची सासू होती तेव्हा. म्हणाली, 'मग आमी काय प्यावं, सायेब?'"

"मग?"

"मग काय? पोच म्हणून तिचा अंगठा घेतला आणि निघालो." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "निवृत्त झाल्यावर पुन्हा गेलो. म्हातारी आधीच गेली होती. तिच्या प्रश्नाला मी काही बोललोच नव्हतो हो."

सोसायटीपाशी ते कण्हत उतरले. मी हात पुढे केला. एरवी झटकला असता, आज धरला.

"गुरुवारी विहिरीत औषध टाकायला जायचंय," ते म्हणाले. "रजा मिळत असेल तर बघा. नाहीतर एसटी आहेच."

"येतो," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. उभे राहण्यापुरता आधार मिळाला होता, तोल सावरला होता. तरी माझा हात त्यांनी बराच वेळ सोडला नाही.