तात्यांची दुसरी साठी

आमच्या शेजारच्या तात्यांनी आपली साठी दोनदा केली. पहिली गिरगावात, वेळच्या वेळी. दुसरी नव्वद सालच्या सुमारास वाशीच्या आमच्या सोसायटीत, पंच्याहत्तरी उलटल्यावर. सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले. सेक्रेटरींनी मनातल्या मनात हिशेब करून डोळे मिचकावले, तर तात्या म्हणाले, नव्या मुंबईत नवं वय.

तात्या जन्मभर कांदा-बटाट्याच्या दलालाकडे हिशेब लिहिणारे मेहताजी होते. बाजार वाशीला आला, तसे तेही मागोमाग आले. बाजाराचा एक नियम त्यांनी माणसांनाही लावला होता: माल कधीचा ते आपण होऊन सांगायचं नाही, गोणी सोडून दाखवायची. "जुना म्हटलंत की गिऱ्हाईक हातसुद्धा लावत नाही," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, त्र्याहत्तरावं चालू होतं. तात्या अठ्ठावन्न सांगत. काकू खवळत, कारण सत्तरीला नातवंडांनी दिव्यांनी ओवाळलेलं त्यांना मिरवायचं असे.

मी तेव्हा मोर्च्यांची पत्रकं लिहीत होतो. देश पेटलेला असताना हा माणूस वय चोरत बसतो, याचा मला भयंकर राग यायचा.

मग काकू मोरीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. मी आणि तात्यांनी त्यांना जवळच्या दवाखान्यात नेलं. त्या गडबडीत तात्यांच्या तोंडून काकूंचं खरं वय निघून गेलं.

डॉक्टर तरुण, गोड बोलणारा. त्याने एक्सरे उजेडासमोर धरला, केसपेपरवरचं वय वाचलं आणि एक्सरे खाली ठेवला. मग स्ट्रेचरवरच्या काकूंना ओलांडून माझ्याशी बोलू लागला. या वयात ऑपरेशनचा त्रास कशाला, घरी न्या, शांत पडून राहू द्या. आणि हसून म्हणाला, "आता आजींना कुठं जायचंय?"

"संडासला," काकू खालून म्हणाल्या.

डॉक्टरने केसपेपर माझ्यापुढे धरला. मी तो घेतला. रक्त तपासलं नव्हतं, हृदय तपासलं नव्हतं, फक्त एक आकडा वाचला होता. 'अन्याय' हा शब्द मी पत्रकांत किती वेळा छापला असेल. तो इस्त्रीचा शर्ट घालून इतका हसतमुख बोलतो, हे मला ठाऊक नव्हतं.

रात्री काकूंना घरी आणलं. सकाळी तात्यांनी कलप आणला. उशीवर वर्तमानपत्र पसरून काकूंचे केस स्वतःच्या हाताने काळे केले. मग दुसरं हॉस्पिटल, नवा एक्सरे, वय अठ्ठावन्न.  या थापेपायी भूल देताना काही झालं तर, असं मी तात्यांच्या कानाशी कुजबुजलो.

"हृदय खरं, रक्त खरं. तपासू दे की त्यांना. गोणी तरी सोडतील."

सोडली. सगळं ठणठणीत निघालं. इथले डॉक्टर म्हणाले, उद्याच ऑपरेशन करू, चांगल्या चालत्याबोलत्या बाईला अंथरुणात कसं ठेवायचं?  बाई तीच होती, हाडही तेच.

एकदाच बिंग फुटायची वेळ आली. नर्सने गप्पांत मुलाचं वय विचारलं आणि काकू अभिमानाने बावन्न म्हणून गेल्या. तात्या डोळ्याची पापणी न हलवता म्हणाले, "माझ्या पहिल्या घरचा तो." या नसलेल्या सवतीवरून काकूंनी अबोला धरला. अबोला सुटला तो, ती दिसायला कशी होती, या काकूंच्याच प्रश्नाने.

काकू घरी आल्या, वॉकर धरून चालू लागल्या. मी सगळ्या प्रकारावर एक जळजळीत पत्रक लिहिलं आणि तात्यांना वाचून दाखवायला गेलो. ते म्हणाले, छाप, बिनधास्त छाप, फक्त हिचं वय तेवढं घालू नकोस.

काकू गॅलरीत खुर्चीवर बसल्या होत्या. भांगात पांढरी रेघ उमटली होती. तात्या वाटीत कलप कालवत होते.

"पुरे हो आता," काकू म्हणाल्या. "मला म्हातारी होऊ द्या."

तात्यांचा हात थांबला. त्यांनी त्या पांढऱ्या रेघेवरून बोट फिरवलं.

"हो ना. पण माझ्यामागे हो गं," ते हळूच म्हणाले. "आधी नको."

 काकूंनी पदर खांद्यावर घेतला आणि मान खाली घालून भांग त्यांच्यापुढे केला.