पुंडलिकभाऊंची रातपाळी

पुंडलिकभाऊंच्या घरात दोन कॅलेंडरं असत. एक देवघराशेजारी, त्यात तिथी, एकादश्या, संकष्ट्या. दुसरं दाराशी. त्यावर निळ्या बॉलपेनने फक्त दोन अक्षरं काढलेली असत, ‘दि’ आणि ‘रा’. शेतातल्या मोटारीची थ्री फेज लाइन एक आठवडा दिवसा यायची आणि एक आठवडा रात्री. दिवसाची लाइन असली की भाऊ रात्री झोपत, रात्रीची असली की दिवसा. श्रद्धा पहिल्या कॅलेंडरवर होती, पण आयुष्य चालायचं दुसऱ्यावर.

मुलीच्या लग्नाची बैठक चालली होती. पाहुण्यांनी मुहूर्त काढून आणला होता, तो सगळ्यांना पटलाही होता, आणि भाऊ म्हणाले, “थांबा बापा, पयले लाइन पाहू द्या.” उठून दाराशी गेले आणि मान हलवत परत आले. “नाई जमत. त्या हप्त्यात रातची हाय. वांगे वाळून जातीन.” व्याही हबकलेच. शेवटी लग्न त्याच मुहूर्तावर झालं. भाऊंनी आदली रात्रभर वांग्यांना पाणी दिलं आणि मंगलाष्टकं सुरू झाल्यावर मुठीत अक्षता धरून उभ्या उभ्या झोपले. शेवटी बँड दणाणला तेव्हा दचकून म्हणाले, “गेली का लाइन?”

मी त्यांचा शेजारी. मंगरूळपीरच्या रस्त्यावरच्या या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आलो तेव्हापासून त्यांच्या घराला लागूनच राहतो. मधे एकच भिंत, तीही छतापर्यंत न पोचलेली. त्यामुळे त्यांच्याकडे फोडणीत लसूण कमी पडला तरी मला कळतं.

मागच्या वर्षी त्यांच्या शेतात सोलर पंप बसला. भाऊंनी दाराशी टांगलेलं कॅलेंडर उतरवलं, गावभर वांगी वाटली आणि सगळ्यांना सांगितलं, “आता सूर्यनारायण आपला वायरमन. रोज टायमावर ड्युटीवर!”

वायरमन टायमावर यायला लागला, पण झोपेला ही बातमी कोणी कळवली नाही. रात्री भाऊ टक्क जागे. गावाने उपाय सुचवले. जायफळ उगाळून झालं, तळपायाला काशाची वाटी घासून झाली. मोबाइलमधल्या एका बाईंनी श्वास मोजायला सांगितलं, तर भाऊ चारशेपर्यंत मोजत गेले आणि मग वाफा भरला असेल म्हणून फावडं घेऊन अंगणात येऊन उभे राहिले.

रात्रीची कसर ते दिवसा काढत. न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेली असताना झोपले, तर त्याने त्यांना तसंच ठेवून शेजारच्या खुर्चीवर तीन गिऱ्हाइकं उरकली. ग्रामसभेत एका ठरावाला हात वर केला आणि तो तसाच ठेवून झोपले. पुढचे दोन ठराव त्यांच्या पाठिंब्याने मंजूर झाले, त्यातला एक त्यांच्याच विरुद्ध होता.

गाव हसत होतं, मीही हसत होतो. मग एके दिवशी कमलवहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, मेथी खुडता खुडता वाफ्यातच चक्कर येऊन पडल्या.

तालुक्याच्या डॉक्टरांकडे मी सोबत गेलो. बी.पी. भलतंच वाढलेलं. डॉक्टरांनी विचारलं, “झोप किती होते?” वहिनींनी शेजारी बसलेल्या भाऊंकडे पाहिलं. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाल्या, “हे जागे असले तं मले झोप येत नाई.”

“म्हणजे?”

“वीस वर्सं हे रातचे ओलीत कराले जात होते. वावर घराच्या मागंच. मी अंगनात बसून राहत होती. वाफा भरला का हे बॅटरी वर करत. बॅटरी दिसली का समजाचं, मानूस जित्ता हाय, साप-इच्चू चावला नाई. मंग पुढच्या बॅटरीची वाट पाहाची. आता हे घरातच असते, पन रातभर कूस बदलत राह्यते. मले वाटते, अजून वावरातच हायेत. कशी झोपू?”

डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या आणि स्पष्ट सांगितलं, की खरं औषध म्हणजे रोज ठरल्या वेळी पूर्ण झोप. “आज मेथीत पडल्या, उद्या विहिरीपाशी पडतील.”

परतताना एस.टी.त भाऊ संपूर्ण रस्ता जागे होते. बसमध्ये त्यांना जागं मी पहिल्यांदाच पाहिलं. संध्याकाळी माझ्याकडे आले. “सर, मले एक येळापत्रक करून द्या. शाळेसारखं. मानूस रातचा झोपलाच पाह्यजे असं.”

वेळापत्रक म्हटलं की माझ्या अंगात येतं. पुठ्ठ्यावर रंगीत स्केचपेनने लिहून दिलं. चारनंतर चहा नाही. रात्री नऊला आडवं व्हायचं. तिसरी ओळ लाल शाईत, दुपारी झोपायचं नाही. आठवड्याभरात भिंतीपलीकडून घोरणं ऐकू यायला लागलं. आणि काय घोरणं! एका लयीत, एका पट्टीत, मधे एक लहानशी शीळ. महिन्याभरात वहिनींच्या चेहऱ्यावर तेज आलं, बी.पी. उतरलं. मी शाळेत इतकी फुशारकी मारली, की मुख्याध्यापकांनी स्वतःसाठी त्या पुठ्ठ्याची नक्कल मागितली.

एकच गोष्ट सुधारत नव्हती. भाऊ दिवसा अजूनही दिसेल तिथे झोपत होते. मी रागावलो. “तिसरी ओळ वाचली नाही का?” त्यांनी हात जोडले. “चुकलं, सर.”

मग एका रात्री मला उशिरा जाग आली. पलीकडे घोरणं जोरात चालू होतं. अचानक ते थांबलं, चट्टदिशी मांडीवर चापट बसली, “हट् मायले, डास!” असं अगदी हळू ऐकू आलं आणि घोरणं जिथे थांबलं होतं तिथूनच, शिळेसकट, पुढे सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तडक त्यांच्या शेतात गेलो. भाऊ सोलरच्या प्लेटांच्या सावलीत पडले होते. मला पाहून उठून बसले. मी काही विचारण्याआधीच माझ्या तोंडावरून त्यांना समजलं.

“काय करू, सर? आता झोप येते मले, तुमच्या पुठ्ठ्यानं येते. पन मी खरा झोपलो का घोरत नाई. आवाज बंद झाला का तुमची वहिनी खडबडून उठते, माह्या नाकापाशी हात धरून पाह्यते. म्हून घोरत राह्यतो. थे कशी मस्त झोपते मंग!”

“किती वाजेपर्यंत?”

“कोंबडा आरवेपर्यंत. थे उठली का मी सुटलो.”

“अहो, मग वहिनींना सांगून टाका ना!”

“नाई बापा, शपथ हाय तुमाले.” थोडा वेळ ते हातातल्या मातीच्या ढेकळाचा भुगा करत राहिले. “सर, मी बॅटरी वर करत होतो ना, पानी कुठलोक गेलं थे पाह्याले. थे अंगनातून पाहून राह्यली, हे मले मालूमच नोतं. वीस वर्सं. त्या दिवशी डाक्टरपाशी पयल्यांदा आयकलं. मले वाटे, बायको घरी आरामात झोपली असन. कवा इचारलंसुदा नाई.”

त्यांनी हात झटकले आणि नेहमीसारखे हसले.

“तिची रातपाळी झाली, सर. आता माही.”

परवा शाळेत पालकसभा होती; आमच्याकडे तिला अख्खं गाव येतं. दारात कमलवहिनी भेटल्या. “सर, तुमच्या पुठ्ठ्यानं लय चांगलं झालं. हे कसे ढाराढूर झोपते आता! घोरनं आयकू आलं का मले बी झोप लागते.” मी नुसतं “हो” म्हटलं. मला त्यांच्याकडे नीट पाहवेना.

सभा सुरू झाली. मी हजेरीवर बोलायला उभा राहिलो तेव्हा शेवटच्या बाकावर भाऊंची मान खाली गेलेली होती. ते घोरत नव्हते. शेजारचे दोघे खुदुखुदु हसत त्यांना कोपराने ढोसायला लागले. मी बोलता बोलता मागे गेलो, त्या दोघांना खुणेनेच गप्प केलं, टेबलफॅनचं तोंड भाऊंकडे वळवलं आणि राहिलेलं भाषण हळू आवाजात पूर्ण केलं.