मध्वाभास आणि जांभळाची फांदी

बाळांनो, सावरून बसा. एका जंगलात वजनकाटा नव्हता. पण फांद्या होत्या, आणि त्या खोटे बोलत नसत.

त्या जंगलात भल्लूकपंत नावाचे सद्गृहस्थ अस्वल राहत. सकाळी लापशीत मध, दुपारी नुसता मध, आणि मध्येच भूक लागली तर थोडा मध, असा त्यांचा सात्त्विक आहार होता.

वैशाखात पंत सहज जांभळावर चढू लागले, तर पहिलीच फांदी करकरली. पंत तत्परतेने खाली उतरले.

“अहो, ज्येष्ठात जांभळे पिकतील,” भल्लूकबाई म्हणाल्या. “दोन्ही पिल्लांचे तेवढेच खाणे. तुम्ही चढला नाहीत, तर ती काय तुमच्या पोटाकडे पाहून तृप्त होतील?”

पंत वैद्यराज करकोच्यांकडे गेले. बाईही गेल्या. वैद्यराजांनी एका पायावर उभे राहून नाडी पाहिली.

“मध सोडा.”

“दुसरे काही सांगा,” पंत म्हणाले. “हवा तर उपास सोडतो.”

वैद्यराजांनी पांढरी पूड पुढे केली. “हिचे नाव मध्वाभास. गोडी मधाची, मेद शून्य.”

“आभास म्हणजे नसलेले दिसणे,” बाई म्हणाल्या. त्या शब्दांना फार जपत. “पण अपाय? तो असतो की त्याचाही आभास?”

“परीक्षा करू.”

शंभर मुंग्या बोलावल्या गेल्या. त्यांनी पूड हुंगली, तिला वळसा घातला आणि त्या चालू लागल्या. वैद्यराजांनी अहवाल लिहिला : ‘शंभर मुंग्यांपैकी एकीलाही अपाय झाला नाही.’

“पण आम्ही ती खाल्लीच नाही,” रांगेतली शेवटची मुंगी म्हणाली.

“खाल्ली असे मी कुठे लिहिले आहे?” वैद्यराज म्हणाले. “नीट वाचत जा.”

पंतांच्या लापशीत आता चिमूटभर मध्वाभास पडू लागला. न खाल्लेला मध ते मडक्यात भरून ठेवत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. “हा माझा संयम,” ते म्हणत. पंधरवड्यात संयमाची सहा मडकी भरली.

मग मडक्यांना मुंग्या लागल्या.

“मधमाश्यांचे कष्ट असे वाया घालवू?” पंतांना गहिवरून आले.

“पिल्लांना द्या थोडा.”

“नको, त्यांचे दात किडतील.”

पंतांनी सहाही मडकी एकट्याने संपवली. दुसऱ्या दिवशी लापशीत पुन्हा चिमूटभर पूड घातली. नियम म्हणजे नियम.

ज्येष्ठात जांभळे पिकली. पंत चढले. फांदी मोडली. पंत, फांदी आणि जांभळे एकदमच खाली आली. पिल्लांनी पोटभर जांभळे खाल्ली आणि जांभळ्या जिभा एकमेकांना दाखवल्या.

“पाहिलेत?” पंत कंबर चोळत म्हणाले. “पूड लागू पडली.”

वैद्यराज आले. त्यांनी पंतांना तपासले नाही, फांदी तपासली, आणि निदान केले : ‘फांदी जन्मतःच अशक्त.’

पंतांना फार बरे वाटले. बाई मात्र वर पाहत राहिल्या. झाडाला आणखी पाच फांद्या होत्या, आणि पिल्लांना अजून पुष्कळ उन्हाळे काढायचे होते.

तात्पर्य : मधाने अपाय होत नाही, मध्वाभासानेही होत नाही, अपाय होतो तो फांदीला. म्हणून संयमी पुरुषाने आहार बदलत बसू नये, पुष्कळ फांद्यांचे झाड पाहून संसार थाटावा.