मगदूम सरांची अडीच मिनिटं

मगदूम सर रिक्षात बसले की ती चालू करू देत नाहीत. "आधी प्लॅन सांगा," म्हणतात. कुठल्या वाटेनं जाणार, दसरा चौकात अडकलो तर कुठनं वळणार, सगळं ऐकून मगच मान हलवणार. एका रिक्षावाल्यानं हात जोडून त्यांना खाली उतरवलेलं मी डोळ्यांनी बघितलंय.

आमच्या दूध संघाच्या कॉम्प्युटर विभागात सर डेटाबेस सांभाळतात आणि मी त्यांच्या हाताखाली आहे. डेटाबेसला काही विचारलं, म्हणजे क्वेरी टाकली, की माहिती कुठल्या वाटेनं हुडकायची हे तो आधी ठरवतो. त्यालाच प्लॅन म्हणायचं. पहिल्याच दिवशी सरांनी मला हे राजारामपुरीतल्या नंबरवार गल्ल्यांवरून शिकवलं. "पाचव्या गल्लीतलं घर पायजे, तर पहिल्या गल्लीपास्नं दारं ठोकत सुटतीस काय? मग कॉम्प्युटरला कशाला पळवतीस?" गल्ल्यांना नंबर असतात तसा माहितीला इंडेक्स लावायचा, एवढं त्यांचं शास्त्र. माझी क्वेरी अर्धा सेकंद रेंगाळली की सर मागं येऊन उभे. बरं, चूक सांगून थांबतील तर ते मगदूम कसले! मला शाळेत गणिताला कोण होतं इथपर्यंत चौकशी व्हायची.

बाहेरही तेच. एकदा मिसळीच्या दुकानात वाढपी "जादा कट कुणाचा?" करत टेबलामागून टेबल फिरायला लागला, आणि सरांचा घास अडकला. त्यांनी कागदाच्या चिठ्ठ्या करून टेबलांना नंबर लावले. मालक म्हणाला, "पावणं, मिसळ खायला आलाय का जनगणनेला?" सरांनी ते दुकानच सोडलं.

असल्या माणसानं एक स्क्रीन मात्र खुशाल सडू दिली होती. जनावरांच्या दवाखान्याच्या खिडकीवरची. शेतकऱ्यानं म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर सांगायचा, की तिच्या लसी, वेतं, आजारपणं यांचा कागद निघतो. तिथं माणूस कमी होता म्हणून रोज सकाळी सर स्वतःच बसायचे. एकेका कागदाला अडीच मिनिटं लागायची. बाहेर रांग. मी दोनदा विषय काढला, तर "ऱ्हाऊ दे ती," म्हणून सरांनी मलाच दुसऱ्या कामाला लावलं.

मला कुठलं राहवतंय. शनिवारी सर रजेवर होते, तेव्हा मी प्लॅन उघडला. संघातल्या एकूण एक जनावराचा कान तपासून मग कॉम्प्युटर आपली म्हैस ओळखत होता! मी इंडेक्स लावला. कागद डोळ्याचं पातं लवायच्या आत बाहेर. आता सर शाबासकी देणार म्हणून मी रविवारभर हवेत.

सोमवारी पहिल्या आल्या पेठ वडगावच्या आक्का. दर महिन्याला येणाऱ्या. सरांनी दोन चहा सांगितले, नंबर टाकला आणि खुर्चीत रेलून म्हणाले, "बसा आक्का, येळ लागतोय. मग, काय म्हणतीया म्हस?"

तोवर कागद हातात. "झालं बी?" आक्का खूश झाल्या, कागदाची घडी पिशवीत घातली आणि एसटी गाठायला निघाल्या. चहा आला तेव्हा समोरचं स्टूल रिकामं होतं.

सरांनी प्लॅन उघडला, शेवटपर्यंत वाचला. "चांगलं केलंस," म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, आणि त्यामुळंच मला जास्त लागलं. मग हळूच म्हणाले, "बायको गेल्यापास्नं घरात बोलायला कोण न्हाय गं. हितं अडीच मिन्टं मिळायची. मी म्हशीचं इचारायचो. ती मान्सं मला इचारायची, जेवलासा काय."

मी कीबोर्ड पुढं ओढला. इंडेक्स काढून टाकते म्हटलं.

"नको. उन्हात उभी असत्यात ती. माझंच चुकत हुतं."

रोज बारापर्यंत चालणारी रांग त्या दिवशी साडेदहालाच संपली. सर मोकळ्या खिडकीसमोर बसून होते. मी स्टूल ओढलं आणि त्यांच्यापुढं बसले.

"सर, जेवलात काय?"

"न्हाय," म्हणाले. "आज काय केलंच न्हाय."

मी माझा डबा आणून उघडला.